किरणोत्सव पडद्यावर: मावळतीचं ऊन गाभाऱ्यापर्यंत कसं न्यायचं

अंबाबाईचा किरणोत्सव कोल्हापुरात लहान पोरांनाही ठाऊक असतो. 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं, गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक आणि पितळी उंबरा ओलांडत देवीपर्यंत पोचतं. पहिल्या दिवशी चरण, मग छाती, मग मुख, असा त्याचा क्रम सांगतात. गेममधलं रे ट्रेसिंग, म्हणजे उजेडाच्या किरणांचा माग काढत चित्र रंगवणं, शिकायला याच्याइतका चांगला धडा आम्हाला दुसरा दिसत नाही. उजेड एकच, वाट एकच आणि आजूबाजूला सगळा काळा दगड. लपवायला जागाच नसल्यामुळे केलेली चूक लगेच दिसते.

इथे मंदिराची हुबेहूब नक्कल करायची नाही. देवस्थानाच्या आतली मोजमापं आणि फोटो त्यासाठी लागत नाहीत. आपण स्वतःच्या मापाचा एक छोटा, पश्चिमेकडे तोंड असलेला गाभारा अनरिअल इंजिन 5 या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधायचा आणि त्यात ऊन नेमकं वेळेवर आणायचं.

आधी तयारी, थोडक्यात. ग्राफिक्स कार्डात रे ट्रेसिंगचं हार्डवेअर हवं, म्हणजे एनव्हिडियाचं आरटीएक्स 2060 किंवा पुढचं, नाहीतर एएमडीचं आरएक्स 6600 किंवा पुढचं. 8 जीबी व्हीरॅमवर (कार्डाच्या स्वतःच्या मेमरीवर) काम चालतं, 12 जीबी असेल तर हात मोकळा राहतो. प्रोजेक्ट सेटिंग्जच्या रेंडरिंग विभागात ग्लोबल इल्युमिनेशन (भिंतींवरून उडून पसरणारा उजेड) आणि रिफ्लेक्शन (प्रतिबिंब) दोन्हीसाठी लुमेन ही इंजिनची उजेड हाताळणारी यंत्रणा निवडा, सपोर्ट हार्डवेअर रे ट्रेसिंग चालू करा आणि लुमेनच्या खाली यूज हार्डवेअर रे ट्रेसिंग व्हेन अव्हेलेबल यावर खूण करा. विंडोजसाठी डीफॉल्ट आरएचआय, म्हणजे इंजिन कार्डाशी ज्यातून बोलतं तो दुवा, डायरेक्टएक्स 12 हवा. मग एडिटर बंद करून परत उघडा. शेडर (पृष्ठभाग रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) नव्याने तयार होताना पहिल्यांदा बराच वेळ जातो. तो अडकलाय असं समजून मध्येच बंद करू नका.

आता कार्ड नेमकं करतं काय ते. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यातून एक किरण उलटा दृश्यात सोडायचा, तो कशाला धडकतो ते बघायचं आणि तिथून उजेडाकडे आणखी किरण सोडायचे. 1920 गुणिले 1080 म्हणजे 20 लाख 73 हजार ठिपके. ठिपक्याला एकच किरण धरला तरी 60 फ्रेमला सेकंदाला साडेबारा कोटींच्या आसपास किरण होतात. प्रत्येक किरणाने दृश्यातला प्रत्येक त्रिकोण तपासायचा म्हटलं तर काम संपणारच नाही. म्हणून सगळी भूमिती डब्यात डबा अशी रचून ठेवलेली असते. शिवाजी पेठेतलं घर शोधताना आपण मंगळवार पेठेतली दारं वाजवत बसत नाही. आधी पेठ, मग गल्ली, मग घर. किरणही तसाच मोठ्या डब्यातून लहान डब्यात उतरतो. टर्नर व्हिटेड यांनी 1980 मध्ये ही उलट्या किरणांची पद्धत मांडली तेव्हा एका चित्राला तासाहून जास्त वेळ लागत होता. 2018 मध्ये आरटीएक्स कार्डं आली ती हा डब्यांचा शोध चिपमध्येच बसवून.

सूर्य आणि वाट

डायरेक्शनल लाइट (इंजिनमधला सूर्य) हाताने फिरवून "मावळतीसारखं" दिसेल असा ठेवू नका. प्लगइन्समध्ये सन पोझिशन कॅल्क्युलेटर चालू करा आणि सन अँड स्काय हा अॅक्टर दृश्यात टाका. अक्षांश 16.70, रेखांश 74.23, टाइम झोन 5.5. डेलाइट सेव्हिंगची खूण काढा, ती राहिली तर ऊन एक तास चुकतं आणि कारण शोधण्यात सगळी संध्याकाळ जाते. तारीख 10 नोव्हेंबर.

या तारखेला सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर) सुमारे उणे 17 अंश असते. 1 फेब्रुवारीलाही तेवढीच, कारण दोन्ही दिवस 21 डिसेंबरपासून साधारण सहा आठवडे अलीकडे-पलीकडे पडतात. वर्षातून दोनदा तीच किरणं त्याच वाटेने येतात ती यामुळे. घड्याळ मात्र वेगळं असतं. कोल्हापुरात 10 नोव्हेंबरला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, 1 फेब्रुवारीला साडेसहाच्या. एका तारखेवर जमवलेली वेळ दुसऱ्या तारखेला तशीच वापरली तर गाभाऱ्यात अंधार दिसेल.

आता आपल्या गाभाऱ्याची मापं ठरवू. बाहेरच्या दाराची उंची 3 मीटर, रुंदी 1.2 मीटर, दारापासून मूर्तीपर्यंत 30 मीटर, जमीन सपाट. दाराच्या वरच्या चौकटीला घासून येणारा किरण मूर्तीपाशी किती उंचीवर पडेल? 3 मीटरमधून 30 गुणिले सूर्याच्या उंचीचा टॅन वजा करायचा. सूर्य क्षितिजावर 5.7 अंश असताना उत्तर शून्य येतं, म्हणजे ऊन मूर्तीच्या पायाशी. 2.9 अंशावर उत्तर दीड मीटर, म्हणजे मुखाशी. सूर्य खाली जातो तसं ऊन वर चढतं. या मोसमात आपल्याकडे मावळता सूर्य तासाला सुमारे साडेतेरा अंश उतरतो, म्हणून पायापासून मुखापर्यंतचा प्रवास साडेबारा मिनिटांचा. 10 नोव्हेंबरला साधारण 5 वाजून 31 मिनिटं ते 5 वाजून 43 मिनिटं. सोलर टाइमच्या रकान्यात हे दशांशात भरायचं असतं, 17.52 ते 17.72.

दिशा याहून नाजूक आहे. "पश्चिमाभिमुख" म्हणून दार नेमकं 270 अंशावर ठेवलंत तर ऊन मूर्तीला शिवणारच नाही. त्या वेळी सूर्य 251 अंशाच्या आसपास, पश्चिमेच्या 19 अंश दक्षिणेला असतो आणि 30 मीटरवर हा फरक दहा मीटरचा होतो. ऊन बाजूच्या भिंतीवर जाऊन बसतं. आपल्या गाभाऱ्याचा अक्ष 251 अंशावर वळवा. त्या साडेबारा मिनिटांतही सूर्य जवळपास एक अंश उत्तरेकडे सरकतो, त्यामुळे उन्हाचा पट्टा वर चढता चढता अर्धा मीटर दक्षिणेला जातो. दार 1.2 मीटर रुंद ठेवलं ते याचसाठी. 60 सेंटिमीटरचं ठेवलं तर पट्टा पूर्ण वेळ मूर्तीवर राहत नाही.

वाटेतल्या अडथळ्यांचा हिशोबही इथेच होतो. किरण 2.9 अंशाने येतोय, तर 200 मीटर अंतरावर त्याची उंची फक्त दहा मीटरने वाढलेली असते. म्हणजे दोनशे मीटरवरची चारमजली इमारत मुखावरचं ऊन अडवू शकते. किरणोत्सवाच्या मार्गातल्या बांधकामांवरून कोल्हापुरात इतकी चर्चा का होते ते या एका आकड्यात आहे. दृश्यात दाराबाहेर सपाट ठोकळे ठेवून, त्यांची उंची कमी-जास्त करून हे स्वतः बघा.

सूर्याचा आकार विसरू नका. डायरेक्शनल लाइटमध्ये सोर्स अँगल 0.5357 असतो, आकाशातल्या सूर्याएवढाच. तो शून्य केला तर प्रत्येक सावलीची कडा ब्लेडने कापल्यासारखी येते. खरी कडा अंतराप्रमाणे विरघळते: अंतर गुणिले 0.0093. 4 मीटरवरच्या उंबऱ्याची सावली चार सेंटिमीटरने मऊ होते, 30 मीटरवरच्या दाराची 28 सेंटिमीटरने. म्हणून मूर्तीवर चढणाऱ्या उन्हाला वर रेघ नसते, हळू उजळत जाणारी पट्टी असते. इंजिनच्या नेहमीच्या सावलीच्या पद्धतीत, म्हणजे व्हर्च्युअल शॅडो मॅपमध्ये, दूरच्या अडथळ्याची कडा पुरेशी मऊ होत नाही. या एका लाइटसाठी रे ट्रेस्ड शॅडो चालू करा. फरक साध्या डोळ्यांना दिसतो.

सूर्याला हाताने केशरी रंग देऊ नका. तीव्रता 1 लाख ते 1.2 लाख लक्स ठेवा, रंग पांढरा ठेवा आणि तांबूसपणा स्काय अॅटमॉस्फिअरला आणू द्या. दोन्हीकडून रंग आला की गाभारा भट्टीसारखा दिसतो.

भिंती

भिंत म्हणून नुसता एक पातळ प्लेन उभा करायची सवय असेल तर ती इथे सोडा. लुमेनला भिंत किमान 10 सेंटिमीटर जाड लागते, नाहीतर कोपऱ्यांतून बाहेरचा उजेड झिरपतो. दगडी देवळाच्या भिंती तशाही हातभर जाड असतात, तेव्हा 60 सेंटिमीटर धरा. दुसरं, अख्खी खोली एकच मेश (त्रिकोणांनी बनलेला आकार) म्हणून आणू नका. भिंती, जमीन, छत, खांब सगळे वेगळे. लुमेन प्रत्येक मेशभोवतीच्या काही मोजक्या बाजूंनी तिचा रंग-उजेड टिपून ठेवतं आणि आतून पोकळ असलेली खोली त्याला बाहेरून दिसत नाही. व्ह्यू मोडमध्ये लुमेनचा सरफेस कॅश (हीच टिपलेली माहिती) उघडा. जिथे गुलाबी रंग दिसेल तिथे लुमेनकडे माहितीच नाही आणि तिथून उजेड परतणार नाही. गुलाबी दिसलं की मेशचे तुकडे करायचे. सेटिंग खालीवर करत बसण्यात अर्थ नाही.

कोरीव खांब नॅनाइटचे (इंजिनच्या अतिबारीक भूमितीचे) असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवा. हार्डवेअर रे ट्रेसिंगचे किरण साधारणपणे नॅनाइटच्या बारीक मेशला न लागता तिच्या ढोबळ फॉलबॅक मेशला लागतात. दोन्हींत फार तफावत असेल तर खांबावर काळे डाग उमटतात आणि पितळेत दिसणारं प्रतिबिंब वितळल्यासारखं येतं. ज्या खांबांवर ऊन पडतं, फक्त त्यांचा फॉलबॅक रिलेटिव्ह एरर कमी करा. सगळ्यांचा केला तर मेमरी संपते.

दगड आणि पितळ

खरी मेहनत इथे आहे. बहुतेकांची दृश्यं खोटी वाटतात ती रे ट्रेसिंग कमी पडतं म्हणून नाही, दगडाचा आकडा चुकतो म्हणून. काळ्या बसाल्टचा बेस कलर (मूळ रंग, 0 काळा ते 1 पांढरा) लिनिअरमध्ये 0.08 ते 0.12 च्या दरम्यान ठेवा. "काळा दगड" म्हणून 0.01 ठेवला तर तो कोळशाहूनही काळा होतो, आणि दृश्य अंधारं वाटतंय म्हणून 0.4 केला तर तो दगड राहत नाही, सिमेंट होतो.

हा आकडा सगळ्या उजेडाचं गणित ठरवतो. 0.1 च्या दगडावरून पहिल्या उडीत दहा टक्के उजेड परततो, दुसऱ्या उडीत एक टक्का, तिसऱ्या उडीत हजारातला एक भाग. चुना दिलेल्या 0.8 च्या भिंतीवर हेच आकडे 80, 64 आणि 51 टक्के येतात. म्हणजे काळ्या गाभाऱ्यात बाउन्सची (उड्यांची) संख्या वाढवून काहीही पदरात पडत नाही, दोन-तीन पुरतात. वाचलेला वेळ सावलीवर आणि रिफ्लेक्शनवर घाला.

मग इतक्या काळ्या वाटेने उजेड आत पोचतो तरी कसा? थेट किरण एक. आणि दुसरी ती जमीन, पायांनी घासून गुळगुळीत झालेली. समोरून बघताना घोटीव दगड जेमतेम चार टक्के उजेड आरशासारखा परतवतो. पण ऊन जमिनीशी 4 अंशाचा कोन करून येतं तेव्हा तोच दगड 65 ते 70 टक्के उजेड पुढे सरकवतो. हा फ्रेनेलचा नियम इंजिनमध्ये आधीच आहे. तुम्ही फक्त स्पेक्युलर (चकाकीचा आकडा) 0.5 वरून हलवायचा नाही आणि रफनेसचा (खडबडीतपणाचा, 0 म्हणजे आरसा) नकाशा मनापासून काढायचा. चालायची मधली वाट 0.2 ते 0.3, कडेला आणि खांबांच्या बुडाशी 0.7. मध्ये बदल हळू व्हायला हवा आणि पायऱ्यांच्या कडा सगळ्यांत गुळगुळीत. लुमेन 0.4 च्या पुढच्या रफनेसला वेगळे रिफ्लेक्शन किरण सोडतच नाही, म्हणून मधली वाट चुकूनही 0.45 वर ठेवू नका. त्या एका आकड्याने जमिनीवरचा सोनेरी ओघळ नाहीसा होतो.

उंबरा पितळेचा करायचा तर मेटॅलिक (धातूपणा) 1, बेस कलर लाल, हिरवा, निळा या क्रमाने सुमारे 0.89, 0.79, 0.43. चांदीला 0.97, 0.96, 0.92. मेटॅलिक 0.5 असा धातू नसतो. झिजलेलं, मळलेलं पितळ दाखवायचं ते रफनेसमधून: वरचा माथा 0.2, जिथे पाय पडत नाहीत तिथे 0.5 आणि कोपऱ्यात हळद-कुंकवाची पूड बसलेली, ती मेटॅलिक 0. उंबऱ्याचं प्रतिबिंब मळकट येत असेल तर पोस्ट प्रोसेस व्हॉल्यूममध्ये लुमेनचा रे लायटिंग मोड हिट लायटिंग फॉर रिफ्लेक्शन्स करा. महाग आहे, पण या फ्रेममध्ये पैसा वसूल.

एक गोष्ट लुमेन नीट करत नाही, ती हाताने करावी लागते. उंबऱ्याच्या माथ्यावर 4 अंशाने पडलेलं ऊन 4 अंशानेच वर उडतं आणि 8 मीटर पुढच्या भिंतीवर साधारण 56 सेंटिमीटर उंचीवर पिवळसर झळाळी उमटवतं. धातूवरून परावर्तित होऊन दुसरीकडे पडणारा हा उजेड लुमेन गाळून टाकतं. तिथे उंबऱ्याच्या रुंदीचा, पितळी रंगाचा एक मंद रेक्ट लाइट (चौकोनी दिवा) उंबऱ्याजवळून त्या दिशेने सोडा आणि त्याची तीव्रता सूर्याच्या वेळेशी बांधा. बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण तो उजेड नसला तर जागा ओकी वाटते.

दगडाचं पोत स्वतः टिपायचं असेल तर पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्या उत्तम, पण ढगाळ दिवशीच. उन्हात काढलेल्या फोटोत सावली कायमची छापली जाते आणि मग दृश्यात सावलीवर सावली पडते. शेजारच्या दोन फोटोंमध्ये किमान 70 टक्के भाग सामाईक असू द्या आणि एका फोटोत ग्रे कार्ड (ठरावीक करड्या रंगाचं पुठ्ठं) ठेवा, नाहीतर 0.1 चा आकडा परत अंदाजावर जातो.

डोळा, समई आणि धूप

ऑटो एक्स्पोजर (कॅमेऱ्याने उजेड आपोआप जुळवून घेणं) जसाच्या तसा ठेवला तर ऊन आत येताच कॅमेरा ते दाबून टाकतो आणि सगळा सोहळाच जातो. मिनिमम आणि मॅक्सिमम ईव्ही 100 ला (एक्स्पोजरच्या मापाला) एकच आकडा द्या. 6.5 पासून सुरुवात करा, मग अर्ध्या-अर्ध्याने हलवा. ऊन पडलेला भाग आणि कोपरा यांत सहा पायऱ्यांचा फरक म्हणजे 64 पट उजेड असतो, तेव्हा कोपरे काळे पडणारच. ते उजळायला अदृश्य दिवे पेरू नका. फारच बुडाले तर लोकल एक्स्पोजरने थोडे वर काढा.

समईच्या वातीला पॉइंट लाइट, एकक कँडेला, आकडा 1. हे एककच मुळात मेणबत्तीवरून आलंय. पाच वातींची समई म्हणजे 5 कँडेला: एक मीटरवर 5 लक्स, दोन मीटरवर सव्वा लक्स. रंगाचं तापमान 1,900 केल्विन, सोर्स रेडियस अर्धा सेंटिमीटर. उन्हासमोर समई जवळपास दिसेनाशी होईल, आणि ऊन गेल्यावर हळूहळू पुन्हा जाणवू लागेल. हे बरोबर आहे, त्यात ढवळाढवळ करू नका. ज्योतीच्या मेशला एमिसिव्ह (स्वतः चमकणारं मटेरियल) द्या, पण उजेडाचं काम पॉइंट लाइटलाच करू द्या. इवलासा, फार तेजस्वी एमिसिव्ह ठिपका किरणांना कधी सापडतो, कधी नाही, आणि भिंतीवर किडे वळवळल्यासारखी खळबळ दिसते.

धुपाच्या धुरातून उन्हाचा झोत दाखवायला एक्स्पोनेन्शियल हाइट फॉगमध्ये व्हॉल्युमेट्रिक फॉग चालू करा. स्कॅटरिंग डिस्ट्रिब्युशन 0.2 असतं, ते 0.6 ते 0.7 करा. मग आतून दाराकडे बघताना झोत झगझगतो आणि बाजूने बघताना विरळ होतो, धुराचा स्वभावच तसा असतो. घनता अगदी थोडी ठेवा. धूर दाट केला की 30 मीटरच्या वाटेत ऊनच संपतं. प्रत्यक्षातही हवेतली आर्द्रता आणि धूळ वाढली की किरणांची प्रखरता कमी होते.

काय बिघडतं आणि वेग कसा राखायचा

खांबांवर उजेड उकळल्यासारखा हलत असेल तर फायनल गॅदर क्वालिटी 1 वरून 2 करा. कॅमेरा हलल्यावर माणसामागे सावलीचं भूत रेंगाळत असेल तर ते मागच्या फ्रेम जुळवून खळबळ पुसणाऱ्या डीनॉइझरचं काम आहे. फायनल गॅदर लायटिंग अपडेट स्पीड वाढवा, थोडी खळबळ परत येईल. दोन्ही एकदम मिळत नाहीत, फ्रेममध्ये माणसं चालतायत की कॅमेरा स्थिर आहे त्यावर ठरवा. झेंडूच्या माळा मास्क्ड मटेरियलच्या (भोकं पाडलेल्या सपाट चित्राच्या) करू नका. किरणाला प्रत्येक पाकळीवर थांबून "इथे भोक आहे का" विचारावं लागतं आणि वेग कोसळतो. पाकळ्या खऱ्या भूमितीच्या घ्या.

60 फ्रेमसाठी एका फ्रेमला 16.6 मिलिसेकंद मिळतात, 30 साठी 33.3. स्टॅट जीपीयू लिहून लुमेन किती खातंय ते बघा. एपिक दर्जावर ते 1080 पीला सुमारे 8 मिलिसेकंद धरून बनवलंय, हाय दर्जावर 4. जास्त जात असेल तर आधी पडद्याचं रेझोल्यूशन डीएलएसएस किंवा टीएसआरने (कमी ठिपक्यांचं चित्र मोठं करून देणाऱ्या सोयींनी) 67 टक्क्यांवर आणा. सावली आणि रफनेसला शेवटी हात लावा.

सगळं जमलं की व्ह्यू मोड पाथ ट्रेसिंगवर (सावकाश पण अचूक पद्धतीवर) न्या, धुकं बंद करा, नमुने 1,024 ठेवा आणि 17.60, 17.66, 17.72 या तीन वेळांची चित्रं काढा. तीच तीन लुमेनमध्ये काढून शेजारी ठेवा. मूर्तीमागच्या भिंतीवर फरक असेल तर सरफेस कॅश पुन्हा बघा. जमिनीच्या ओघळात असेल तर रफनेस. पितळेच्या झळाळीत असेल तर तो रेक्ट लाइट कमी-जास्त करा. पाथ ट्रेसरलाही ती झळाळी दाणेदार येते, म्हणून उजेडाची जागा आणि रंग जुळवा, दाणे मोजू नका.